रोमन घरातले मालक आणि गुलाम : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : रोममधल्या श्रीमंत घरात किती नोकर असत? ते सगळे गुलामच होते, की काही पगारीही होते?

उत्तर : घरात राबणारे जवळपास सगळे गुलाम. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्यांत काही मुक्त झालेले माजी गुलाम. रोजंदारीवरची स्वतंत्र माणसं मिळत, पण ती सुगीला शेतावर किंवा बांधकामावर. दुसऱ्याच्या घरात कायम हुकमाखाली राहून मजुरी घेणं स्वतंत्र रोमनाला कमीपणाचं वाटे. प्रसिद्ध वक्ता आणि पुढारी सिसेरो याने तर मजुरी म्हणजे गुलामीचाच विसार, अशा अर्थाचं लिहून ठेवलं आहे.

संख्येला काही धरबंद नव्हता. साध्या घरात एखाददुसरा गुलाम असे, तर इ.स. 61 मध्ये रोमचा नगरप्रमुख पेदानियुस सेकुंदुस याच्या शहरातल्या एका घरात 400 होते. इतकी माणसं कामाच्या गरजेपोटी नव्हे, प्रतिष्ठेपोटी ठेवली जात. दाराशी दरवान (त्याला कधीकधी साखळीने बांधलेलं असे), दिवाणखान्याची व्यवस्था पाहणारा, शयनगृहाचा सेवक, हिशेबनीस, लेखनिक, मालकिणीचे केस विंचरून रचणारी दासी, मुलांना शाळेत नेणारा, दाई, पालखीचे सहा किंवा आठ भोई, आणि रस्त्यात समोरून येणाऱ्याचं नाव मालकाच्या कानात सांगणारा एक. मते मागत फिरणाऱ्या पुढाऱ्याला हा शेवटचा गडी फार मोलाचा. सम्राट ऑगस्टसची पत्नी लिविया हिच्या माणसांची दफनवास्तू 1726 मध्ये आप्पियन रस्त्यालगत सापडली. तिथल्या पाट्यांवर मोत्यांचं काम करणारा, दासींना कातायला लोकर तोलून देणारा, अशी अगदी बारीक कामं नोंदलेली आहेत.

एकाच माणसाकडून दोन कामं करून घेणं दरिद्रीपणाचं लक्षण मानलं जाई. इ.स.पू. 55 मध्ये सिसेरोने पीसो या प्रतिस्पर्ध्याची जाहीर खिल्ली उडवली. ती कशावरून, तर याच्याकडे आचारीही तोच आणि दिवाणखाना सांभाळणाराही तोच!

प्रश्न : त्यांना खायला काय आणि किती मिळे? उपाशीच ठेवत असतील ना?

उत्तर : उपाशी ठेवलेला गुलाम म्हणजे मालकाचंच नुकसान, एवढा हिशेब रोमनांना पक्का येत होता. सर्वांत नेमके आकडे थोरल्या कातोच्या (इ.स.पू. 234–149) शेतीवरच्या पुस्तकात आहेत. ते शेतावरच्या गुलामांचे आहेत, शहरातल्या घराचे नव्हेत, हे मात्र लक्षात ठेवावं.

त्याचं प्रमाण असं : कष्टाचं काम करणाऱ्याला हिवाळ्यात महिन्याला 4 मोडियस गहू, उन्हाळ्यात साडेचार. एक मोडियस म्हणजे सुमारे पावणेनऊ लिटरचं माप. त्यात साधारण 6.7 किलो गहू मावतो. म्हणजे महिन्याला 27 ते 30 किलो, दिवसाला जवळजवळ एक किलो. कारभारी, त्याची जोडीदारीण, मुकादम आणि मेंढपाळ यांना 3 मोडियसच. हुद्दा मोठा आणि शिधा कमी, हे वाचताना चमत्कारिक वाटतं. पण कातो मानाप्रमाणे नव्हे, अंगमेहनतीप्रमाणे मोजून देतो.

साखळदंडात ठेवलेल्यांना धान्याऐवजी तयार भाकरी. बेडीतला माणूस दळणार कधी आणि भाजणार कधी? हिवाळ्यात रोज 4 रोमन पौंड, म्हणजे 1.3 किलो, द्राक्षमळ्याची खणणी सुरू झाली की 5 पौंड, आणि अंजिरं खाण्याजोगी झाली की पुन्हा 4. अंजिरांनी पोट भरतं, तेवढी भाकरी वाचते. कातोच्या काटकसरीची जात या एका ओळीत दिसते.

तोंडीलावणं म्हणून गळून पडलेली ऑलिव्ह. ती संपली की ज्यातून तेल फारसं निघणार नाही अशी पिकलेली, तीही पुरवून पुरवून द्यायची. मग माशांच्या लोणच्याचा तळाचा गाळ आणि शिरका. तेल महिन्याला माणशी एक सेक्स्टारियस, म्हणजे अर्धा लिटरभर. मीठ वर्षाला एक मोडियस. द्राक्षमळणीनंतरचे पहिले तीन महिने द्राक्षांच्या चोथ्यावर पाणी घालून केलेलं पाणचट पेय, पुढे खरी वाइन, तीही महिन्यागणिक वाढत जाणाऱ्या मापाने. वर्षाची बेरीज माणशी 7 क्वाद्रांताल, म्हणजे 180 लिटरच्या आसपास. बेडीतल्यांना कामाच्या मानाने 10 पर्यंत.

उष्मांक पाहिले तर कष्टकऱ्याला हे पुरेल. उणीव आहे ती भाजी, दूध आणि मांसाची. यादीत ती नाहीतच. आजारपणात शिधा तोडायचा, आणि म्हातारा किंवा दुखणाईत गुलाम जुने बैल नि मोडकी गाडी यांच्याबरोबर विकून टाकायचा, हाही सल्ला त्याच पुस्तकात आहे.

शहरात रोख रकमेचीही जोड असे. तत्त्वज्ञ सेनेका महिन्याला 5 मोडियस धान्य आणि 5 देनारियस (रोमन चांदीची नाणी) असा आकडा देतो. शिवाय मालकाच्या पंगतीतलं उरलेलं पोटात जाई, त्यामुळे स्वयंपाकघराशी सलगी असलेला गुलाम शेतावरच्यापेक्षा कितीतरी बरं खाई. शहरातल्या गुलामाला शेतावर पाठवण्याची नुसती धमकी पुरे होई, ती यामुळेच.

प्रश्न : गुलाम विकत घेताना फसवणूक झाली तर दाद मागता येई का?

उत्तर : येई, आणि हा कायदा वाचताना अंगावर काटा येतो, कारण तो आजच्या ग्राहक कायद्याइतका व्यवस्थित आहे. बाजारावर देखरेख एडाइल या अधिकाऱ्यांची. त्यांचा हुकूम असा की विक्रेत्याने पुढच्या गोष्टी उघड सांगायच्या : गुलामाला कोणता रोग किंवा व्यंग आहे, तो पळपुटा आहे का, भटक्या आहे का, त्याने कुणाचं केलेलं नुकसान अजून भरून द्यायचं राहिलं आहे का. तो कोणत्या देशचा हेही सांगावं लागे. ही माहिती लिहिलेली पाटी गुलामाच्या गळ्यात अडकवत. परदेशातून नव्याने आणलेल्याचे पाय खडूने पांढरे करत. डोक्यावर टोपी घालून उभा केलेला गुलाम म्हणजे ‘याची हमी आम्ही घेत नाही’.

दडवलेला दोष नंतर बाहेर आला तर सहा महिन्यांच्या आत गुलाम परत करून पैसे मागता येत. किंवा त्याला ठेवून घेऊन वर्षभरात किंमत कमी करून मागता येई.

वाद होई तो व्याख्यांवरून. कायदेपंडितांनी त्यावर पानंच्या पानं खर्ची घातली आहेत. दात पडलेला असणं दोष नाही. जीभ कापलेली असणं दोष. डावखुरा चालेल. अंथरूण ओलं करणारा दारूच्या नशेत किंवा आळसाने करत असेल तर दोष नाही, मूत्राशयाचा विकार असेल तर आहे. तापट, भोळसट किंवा खादाड निघाला तर तक्रार चालत नाही, विक्रेत्याने तसा शब्द दिला असेल तरच चालते. पळपुटा कोण, यावर तर फारच खल झाला. मालकाचा राग शांत होईपर्यंत कुठेतरी दडून बसणारा पळपुटा नव्हे. रदबदलीसाठी मालकाच्या मित्राकडे धाव घेणाराही नव्हे. परत न येण्याच्या इराद्याने निघाला तो पळपुटा. काम टाकून उंडारून रात्री उशिरा घरी येणारा नुसता भटक्या. दोघांचा भाव वेगळा, म्हणून हा काथ्याकूट.

एक खरा करारच पाहा. रोमनांच्या दाकिया प्रांतात, आजच्या रुमानियातल्या सोन्याच्या खाणींपाशी, मेणाच्या पाट्या सापडल्या. त्यांतल्या इ.स. 139 च्या एका पाटीवर पास्सिया नावाची, सुमारे सहा वर्षांची मुलगी 205 देनारियसना विकल्याची नोंद आहे. तेव्हा पायदळातल्या शिपायाचा वर्षाचा पगार 300 देनारियस होता. मुलगी निरोगी आहे, चोरीच्या किंवा नुकसानीच्या आरोपातून मोकळी आहे, पळपुटी नाही, भटकी नाही, ही सगळी हमी शब्दाला शब्द लिहिलेली आहे. सहा वर्षांच्या पोरीबद्दल. आणि उद्या कुणी तिच्यावर हक्क सांगून तिला घेऊन गेला तर विक्रेत्याने दुप्पट रक्कम भरायची.

प्रश्न : गुलाम घरात झोपत कुठे? पॉम्पेईच्या घरांच्या नकाशांत त्यांच्या खोल्या दिसत नाहीत.

उत्तर : नकाशात न दिसण्याचं मुख्य कारण म्हणजे पुष्कळांना स्वतंत्र खोलीच नसे. मालकाच्या दाराबाहेर, स्वयंपाकघरात, माळ्यावर, कोठारात अंथरूण टाकायचं. वरचे मजले ढासळले, त्यांच्याबरोबर हे पुरावेही गेले.

2021 मध्ये मात्र ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईच्या उत्तरेला चिविता जुलियाना इथल्या वाड्यात एक खोली जशीच्या तशी हाती लागली. कुजलेल्या लाकडाने आणि कापडाने राखेत सोडलेल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून सामान पुन्हा उभं केलं. खोली 16 चौरस मीटरची. तीन खाटा : दोन सुमारे 1.70 मीटर लांब, तिसरी 1.40 मीटरची, बहुधा मुलाची. चौकट साध्या फळ्यांची, लांबी कमी-जास्त करता येईल अशी. वर दोऱ्यांची वीण, गादी नाही. कोपऱ्यात आठ रांजणवजा अम्फोरा, खाटांखाली मातीची भांडी, घोड्यांच्या साजाची लाकडी पेटी, आणि एका खाटेला टेकवलेली रथाची दांडी. उंचावर एकच बारीक खिडकी, भिंती बिनरंगाच्या. माणसांची झोपायची जागा आणि सामानाची अडगळ यांत घरमालकाने काही फरक केलेला नाही.

शेतावर बेडीतल्यांसाठी तळघर असे. शेतीवर लिहिणारा रोमन लेखक कोलुमेल्ला सांगतो : ते होईल तितकं आरोग्यदायी असावं, खिडक्या पुष्कळ पण अरुंद असाव्यात, आणि जमिनीपासून इतक्या उंच की हात पोचता कामा नये.

प्रश्न : गुलामाला पैसा साठवता येई म्हणतात. मग लग्नही करता येत असेल?

उत्तर : लग्न नाही. एकत्र राहणं चाले, समाधीच्या दगडांवर ते एकमेकांना नवरा-बायको म्हणतातही, पण कायद्याला ते नातं ठाऊक नव्हतं. मूल आईच्या दर्जाचं, म्हणजे दासीचं मूल तिच्या मालकाचं. विक्रीत कुटुंब फुटलं तर दाद नाही. तीनहून अधिक मुलं वाढवणाऱ्या दासीला आपण मुक्तता दिली, तीन मुलं असलेलीला कामातून सूट, असं कोलुमेल्ला मोठ्या समाधानाने नोंदवतो. गुलामांची पैदास हा त्याच्या लेखी शेतीचाच भाग.

पैशाचं मात्र खरं. मालक गुलामाला काही रक्कम, दुकान, गुरं वापरायला देई. बक्षिसी आणि धंद्याचा नफा त्यात जमा होई. या पुंजीला पेकुलियुम म्हणत. कागदोपत्री ती मालकाचीच, आणि तो केव्हाही काढून घेऊ शके. तरी मालक सहसा हात लावत नसत, कारण या व्यवस्थेत त्यांचा दुहेरी फायदा होता. गुलाम जीव ओतून धंदा करी. आणि धंदा बुडाला तर सावकाराला मालकाकडून त्या पुंजीपुरतंच वसूल करता येई. या पुंजीतून गुलाम स्वतःसाठी गुलामही घेई. सम्राट तिबेरियसचा मुसिकुस स्कुर्रानुस हा गुलाम गॉल (आजचा फ्रान्स) प्रांताच्या खजिन्यावर होता. तो रोममध्ये वारला तेव्हा त्याच्यासोबत त्याचे स्वतःचे सोळा गुलाम होते. त्यांनी उभारलेल्या शिळेवर प्रत्येकाचं नाव आणि जवळपास सगळ्यांचं काम आहे : वैद्य, आचारी, लेखनिक, चांदीची भांडी सांभाळणारे.

प्रश्न : मालक मनात आलं की गुलामाला मुक्त करू शकत होता का? त्याची पद्धत काय?

उत्तर : पद्धत सोपी होती, अटी किचकट.

हयातीत करायचं तर दंडाधिकाऱ्यासमोर. एक जण गुलामाला काठीने स्पर्श करून ‘हा स्वतंत्र आहे’ असा दावा करतो, मालक विरोध करत नाही, अधिकारी निकाल देतो. यासाठी कचेरीच लागे असं नाही. अधिकारी स्नानगृहाकडे किंवा नाटकाला निघालेला असताना रस्त्यातही हे उरकत. किमतीच्या 5 टक्के कर. दुसरा मार्ग मृत्युपत्राचा.

ऑगस्टसच्या काळात दोन कायद्यांनी यावर लगाम घातला. इ.स.पू. 2 च्या कायद्याने मृत्युपत्रातून किती जणांना सोडता येईल ते ठरवलं : 3 ते 10 गुलाम असतील तर निम्मे, 11 ते 30 असतील तर तिसरा हिस्सा, 31 ते 100 असतील तर चौथा, 101 ते 500 असतील तर पाचवा, काही झालं तरी शंभराच्या वर नाही. नावं एकेक लिहायची. मर्यादा भरली की पुढची बाद. मग शक्कल निघाली : नावं गोलाकार लिहायची, म्हणजे पहिलं कोण नि शेवटचं कोण कळू नये. कायद्याचं उत्तर असं की क्रम कळत नसेल तर कुणीच मुक्त नाही. धन्याच्या अतिहुशारीपायी सगळेच अडकले.

इ.स. 4 च्या कायद्याने वयं घातली. मालक किमान 20 वर्षांचा, गुलाम किमान 30 चा. सबळ कारण असेल तर सूट : गुलाम स्वतःचा मुलगा किंवा भाऊ आहे, दाई आहे, शिक्षक आहे, किंवा दासीशी लग्न करायचं आहे. कारण मंडळापुढे पटवावं लागे. रोममध्ये त्यात पाच सेनेटर आणि पाच सरदार वर्गातले.

हे नियम डावलून, पत्र लिहून किंवा मित्रांसमोर शब्द देऊन सोडलेल्याची अवस्था त्रिशंकूसारखी. हयातभर स्वतंत्र, पण मेला की मिळकत जुन्या मालकाकडे, जणू तो गुलाम म्हणूनच मेला. त्यातून वाट एकच सोयीची : लग्न करून मूल वर्षाचं झाल्याचं सिद्ध करायचं. पॉम्पेईजवळच्या हेर्क्युलेनियम शहरात वेनिदियुस एन्निखुस याच्या मेणपाट्यांत हा सगळा प्रवास आहे, इ.स. 60 मध्ये मुलगी झाली, 62 मध्ये नागरिकत्व.

मुक्त झाल्यावरही धागा तुटत नसे. माजी मालकाचं नाव लावायचं (सिसेरोचा लेखनिक तीरो मार्कुस तुल्लियुस तीरो झाला), त्याचा मान राखायचा, कबूल केलेले कामाचे दिवस भरायचे.

प्रश्न : एका गुलामाने मालकाचा खून केला तर घरातल्या सगळ्यांना मारत, हे खरं का?

उत्तर : खरं आहे. इ.स. 10 च्या सेनेटच्या ठरावाप्रमाणे, खुनाच्या वेळी त्याच छपराखाली असलेल्या सर्व गुलामांची छळ करून चौकशी व्हायची, आणि मदतीला धावले नाहीत म्हणून देहदंड. ती पुरी होईपर्यंत मृत्युपत्र उघडायलाही बंदी. नाहीतर त्यातून मुक्त होणारे निसटले असते. वर उल्लेख आलेल्या पेदानियुसला त्याच्या गुलामाने मारलं. कारण म्हणे ठरलेल्या किमतीला मुक्तता नाकारली, किंवा एका मुलावरून वैर. चारशेही जण दोषी धरले. रोमच्या सामान्य लोकांनी दंगा केला. सेनेटमध्ये कायदेपंडित गायुस कास्सियुस लोंगिनुस याने, धाकाशिवाय ही गर्दी ताब्यात राहणार नाही, असं ठणकावून सांगितलं आणि त्याचंच चाललं. सम्राट नीरोने रस्त्याच्या दुतर्फा सैनिक उभे करून चारशे जणांना वधस्थानी नेलं.

सम्राट हाद्रियनच्या काळचा एक निकाल याहून बोलका आहे. मालकिणीच्या खोलीत दासी होती. ओरडलीस तर मारीन, असं मारेकऱ्याने तिला धमकावलं. ती गप्प राहिली. निकाल : तिला मृत्यूच, आधी स्वतःचा जीव पाहावा असं इतर गुलामांना वाटू नये म्हणून. याच हाद्रियनने मालकांचा गुलामांना परस्पर ठार करण्याचा अधिकार काढून घेतला होता, हे सोबत वाचावं. गुलामाचा जीव आता राज्याच्या अखत्यारीत आला, एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न : शाळेच्या नाटकात ज्युलियस सीझरच्या काळातलं घर दाखवायचं आहे. गुलामांना वेश कोणता द्यावा? गळ्यात लोखंडी पट्टा चालेल का?

उत्तर : पट्टा नको. ‘मी पळालोय, मला धरा’ असं कोरलेले जे पट्टे संग्रहालयांत आहेत ते बहुतेक इ.स. चौथ्या शतकाचे किंवा नंतरचे, म्हणजे सीझरनंतर साडेतीनशे वर्षांनी. घरातल्या गुलामांना बेड्याही घालू नका. दरवानाला हवी तर घाला.

गुलामांचा ठरावीक गणवेश नव्हता. तसा असावा अशी सूचना एकदा सेनेटमध्ये आली होती. पण गुलाम आपल्याला मोजायला लागले तर काय, या भीतीने ती बारगळली, असं सेनेका सांगतो. तेव्हा साधा, कमरेला दोरी बांधलेला अंगरखा द्या, गुडघ्यापर्यंतचा, मळखाऊ रंगाचा. कातो गुलामाला देई तो अंगरखा साडेतीन फुटांचा, दोन वर्षांतून एक. नवा देताना जुना परत घ्यायचा, त्याच्या गोधड्या होतात. पंगतीत वाढणारे मात्र नटवलेले दाखवा, कारण तेच पाहुण्यांच्या नजरेसमोर. टोगा कुणाही गुलामाला नको. तो नागरिकाचा वेश.

पंगतीच्या प्रसंगात एक जण फक्त पक्षी कापून तुकडे करणारा ठेवा, एक वाइन ओतणारा, एक सांडलेलं पुसणारा. मालक आडवा रेलून जेवतोय, आणि हे उभे, तोंडातून अवाक्षर न काढता. खोकला, शिंक, उचकी लागली तरी छडी बसे, असं सेनेकाने लिहिलं आहे. विनोदी प्रवेश लिहायचा असेल तर उचकीवर लिहा. मालकाला हाक मारताना ‘दोमिने’ (धनी). डिसेंबरातल्या सातुर्नालियाचा प्रसंग घेतलात, तर त्या सणात गुलामांना मालकासारखं किंवा त्याच्या आधी जेवायला बसवत आणि उलट बोलायचीही मुभा असे, म्हणजे मुलांना मोकळेपणाने संवाद म्हणता येतील.